करून पाहणाऱ्यांची नावं

टायपिंगबाईंना कोणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कोणं करून पाह्यलं?" सांगणारा प्राध्यापक असो की भाजीवाली, प्रश्न तोच. पुस्तकात लिहिलं आहे असं उत्तर मिळालं तर त्या मान हलवत आणि पुन्हा तेच विचारत. रॉकेलमध्ये चिमूटभर मीठ टाकलं की स्टोव्हची ज्योत निळी होते, असं एका गृहस्थांनी सांगितलं तेव्हा बाईंनी खालच्या चहावाल्याचा स्टोव्ह वर मागवला आणि सगळ्यांसमोर मीठ टाकून पाहिलं. ज्योत होती तशीच राहिली. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बाईंना त्याचं वाईट वाटलं. ते चुकले म्हणून नव्हे, चुकल्यावर यायचे थांबले म्हणून.

नागपुरात सीताबर्डीवर एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. नऊ इंग्रजी मशीन, चार मराठी आणि कोपऱ्यात प्रती काढायचं एक सायक्लोस्टाइल. बाई मूळच्या भिवापूरच्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांच्याकडे शिकलेल्या मुली नागपुरातल्या बहुतेक सरकारी कचेऱ्यांत बसलेल्या होत्या. त्यांना नाव होतं, पण ते क्लासच्या पाटीवर सोडलं तर कोणी वापरत नसे.

रविवारी क्लासला सुट्टी असे आणि सकाळी नऊला तिथे बैठक भरे. आणीबाणीच्या आधी चार-पाच वर्षं ती नियमित चालली. तिला संस्था म्हणता आलं नसतं. अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, नोंदणी नव्हती. मोमिनपुऱ्यातले रेडिओ मेकॅनिक रहमतभाई येत. कापड गिरणीतले फिटर वासनिक इंदोरा वस्तीतून सायकलने येत. एक कंपाउंडर, आयटीआयमधले एक-दोन शिक्षक अधूनमधून डोकावत. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, सव्वीस वर्षांचा. कामाची माहिती साध्या मराठीत एका पानावर बसवायची, सायक्लोस्टाइलवर काढायची आणि मागेल त्याला द्यायची, एवढाच बैठकीचा उद्योग होता. हातपंपाचा वायसर कसा बदलावा, विजेचं मीटर कसं वाचावं, विहिरीत औषध किती टाकावं. ज्यांना हे येत होतं ते सहसा सांगत नसत आणि जे छापलेलं होतं ते इंग्रजीत होतं.

पान लिहिण्याची बाईंची पद्धत वेगळी होती. जाणकाराने मजकूर सांगायचा, बाईंनी तो टाइप करायचा. मग ज्याला त्या कामातलं काही कळत नाही अशा माणसाच्या हाती तो कागद द्यायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. त्याने वाचून ते काम करायचं. त्याचा हात जिथे थांबेल ते वाक्य चुकलं असं समजून ते पुन्हा लिहायचं. हा न कळणारा माणूस बहुतेक वेळा मीच असे. "पेपरवाल्याले जमलं तर कोणालेही जमते," असं वासनिक म्हणत आणि बाई ते गंभीरपणे मान्य करत. सायकलचं पंक्चर काढण्याचं पान माझ्या हातांमुळे सहा वेळा बदललं. सातव्या वेळी ट्यूबमध्ये हवा टिकली तेव्हा बाईंनी माझं कौतुक केलं नाही, कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, "आता बरोबर झालं."

प्रत्येक पानाच्या तळाशी चार ओळी असत. लिहिलं कोणी. करून पाहिलं कोणी, एक आणि दोन असे आकडे टाकून, कारण करून पाहणारे किमान दोन असलेच पाहिजेत असा बाईंचा नियम होता. चूक आढळली तर कळवण्याचा पत्ता. आणि शेवटी, कोणीही नक्कल करावी. ज्या पानाखाली नावं नाहीत ते पान बाई मशीनवर चढवत नसत. नाव मोठेपणासाठी नव्हतं. चूक निघाली तर लोकांना माणूस सापडला पाहिजे, एवढंच त्यामागे होतं.

आणीबाणीच्या आधीच्या उन्हाळ्यात रहमतभाईंनी रेडिओच्या एरियलचं पान लिहिलं. पंचवीस फूट तांब्याची तार, दोन चिनी मातीच्या गट्ट्या, जमिनीत गाडायची एक सळई. ती तार लावली की खरखर कमी होते आणि दूरची स्टेशनं स्वच्छ लागतात. बाईंनी सर्वांत वर एक ओळ घालायला लावली की रेडिओचं लायसन पोस्टात भरलेलं असावं. करून पाहणाऱ्यांत एक नंबर वासनिकांचा, दोन नंबर माझा. महाल भागात मी भाड्याने राहत होतो. घरमालकाच्या गच्चीवर ती तार मी पान वाचून, कोणाला न विचारता बांधली. सगळं नीट लागलं. रहमतभाई हसत म्हणाले होते, "देखना पेपरवाले, ही तार लागली का तुमचा पेपर कोणी घेत नाही."

जूनच्या अखेरीस आणीबाणी आली. आमच्या कार्यालयात मजकूर आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवून मग छपाईला जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी कामावर आला नाही. तीन दिवसांनी कळलं, तो तुरुंगात आहे. शिपायाने त्याचं टेबल पुसलं आणि वर कागदांचे गठ्ठे रचले. टायपिंगच्या क्लासेसमधून पोलीस मशीनच्या अक्षरांचे नमुने नेतात असं ऐकू येई. खरं किती ते कळायला मार्ग नव्हता, आणि भीती त्यामुळे कमी होत नसे, वाढत असे. बातम्या वर्तमानपत्रात मिळेनात तेव्हा लोक परदेशी रेडिओ हळू आवाजात लावू लागले. आणि बाईंच्या जिन्यावर अनोळखी माणसं येऊन तारेचं पान मागू लागली.

त्या प्रत्येक पानावर माझं नाव आणि माझा मोहल्ला होता.

मी एका दुपारी घरमालक जेवायला बसलेला पाहून गच्चीवरची तार काढली आणि गुंडाळून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. तरी रस्त्यावर जीप थांबली की माझं लक्ष जिन्याकडे जाई. एका रविवारी मी बाईंना विचारलं, की आता पानाखाली नावं छापण्याची खरंच गरज आहे का. त्या स्टेन्सिल, म्हणजे सायक्लोस्टाइलचा मेणकागद, टाइप करत होत्या. "काहून? चूक निघाली तर लोक कोणाले विचारतील?" असं म्हणून त्या पुढच्या ओळीला लागल्या. मी विषय वाढवला नाही. मला भीती वाटते, हे वाक्य मी उच्चारलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी अर्धा तास आधी गेलो. दार उघडं होतं, बाई खाली पाणी भरायला गेल्या होत्या. टेबलावर तारेच्या पानाची जुनी स्टेन्सिल वर्तमानपत्राच्या घड्यांतून काढून ठेवली होती. त्या दिवशी दोनशे नव्या प्रती काढायच्या होत्या. स्टेन्सिलवरची चूक झाकायचा लाल फ्लुइड शेजारीच होता. त्याच्या बाटलीला झाकणातच ब्रश असतो. मी माझ्या नावावरून आणि मोहल्ल्यावरून तो तीनदा फिरवला आणि झाकण लावलं. आकडा झाकावा हे मला सुचलं नाही. बाई घागर घेऊन वर आल्या आणि आज लवकर कसे म्हणून त्यांनी विचारलं. ऑफिसला जायचं आहे, असं मी सांगितलं. मग रहमतभाईंनी हँडल फिरवलं, दोनशे प्रती निघाल्या आणि शेवटी शेवटी जुनी स्टेन्सिल मधोमध फाटली. पानाच्या तळाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिथे काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं.

पुढचा तिसरा रविवार. बैठकीत आम्ही चौघं होतो. साध्या कपड्यांतले एक इन्स्पेक्टर जिना चढून आले. मागे दोन शिपाई. त्यांनी चप्पल दाराशी काढली, हे मला अजून आठवतं. त्यांच्या हातात तारेचं पान होतं. पोलीस ज्याला शोधत होते अशा एका माणसाच्या खोलीत ते सापडलं होतं. आवाज न चढवता त्यांनी तळाची नावं वाचली. रहमतभाई म्हणाले, मी. वासनिक म्हणाले, मी.

"आणि हा दोन नंबर कोण?"

इन्स्पेक्टरांनी पान बाईंसमोर धरलं. "सगळी नावं असती तर मी हा जिना चढलो नसतो बाई. तारेचं पान आहे, पोस्टाच्या लायसनपासून सगळं लिहिलं आहे. पण तुमच्या बाकीच्या पानांवर दोन-दोन नावं आहेत. इथे एक लपवलं काहून?"

बाईंनी कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मी त्यांच्यापासून चार फुटांवर बाकावर बसलो होतो. त्यांना पाहायला फार वेळ लागला नाही. कागद खाली ठेवताना त्या माझ्याकडे वळल्या नाहीत; रहमतभाई आणि वासनिकही जमिनीकडेच पाहत होते.

"माझी चूक आहे," बाई म्हणाल्या. "आकडा टाकला, नाव नव्हतंच. दुसरं कोणी करून पाह्यलं नाही."

त्या खोलीत बाई खोटं बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इन्स्पेक्टर म्हणाले की तुमच्या हाताखालच्या मुली कोर्टात टाइप करतात, त्यांचीही अशी चूक होत नाही. बाई म्हणाल्या, वय झालं. इन्स्पेक्टरांनी स्टेन्सिल मागितली. ती फाटली आणि फेकली, असं बाईंनी सांगितलं, आणि ते खरं होतं. इन्स्पेक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. त्या वेळात मला बोलता आलं असतं. मग त्यांनी बाईंना सोबत यायला सांगितलं. शिपायांनी सायक्लोस्टाइल उचललं. बाईंनी चष्म्याचं घर घेतलं आणि वासनिकांना म्हणाल्या, "मशीनवर झाकणं घाला जी, धूळ बसते."

खाली रस्त्यावर आल्यावर वासनिकांनी सायकलचं कुलूप काढता काढता मला विचारलं, "नाव कोणं खोडलं गा?" मला काय माहीत, नीट उमटलं नसेल, असं मी म्हणालो. "उमटलं नसेल," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांना आणि रहमतभाईंना नंतर आठवड्यातून दोनदा ठाण्यावर हजेरी लावावी लागली. बाईंना खटला न चालवता आत ठेवलं. ज्याचं नाव झाकलं आहे तो कोणी महत्त्वाचा माणूस असणार, असा पोलिसांचा समज होता. तो समज मी तयार केला होता.

आता माझी भीती वेगळी झाली. उन्हाळ्यात काढलेल्या पहिल्या प्रती माझ्या नावासकट गावोगाव गेलेल्या होत्या. त्यातली एक जरी पोलिसांच्या हाती लागली असती तरी दोन नंबर कोण ते कळलं असतं, आणि बाई खोटं बोलल्या तेही. मी पानठेले, न्हाव्यांची दुकानं, शाळांच्या भिंती पाहत फिरू लागलो. खापा गावच्या एका शिंप्याने बाईंकडून पोस्टाने पान मागवल्याचं मला आठवत होतं. एका सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने तिकडे गेलो. पान दुकानात मशीनच्या वर खळीने चिकटवलेलं होतं. ते मला परत हवं आहे, त्यात चूक निघाली, असं मी सांगितलं. शिंप्याने माझं नाव विचारलं. खोटं नाव सुचेना, म्हणून खरं सांगितलं. त्याने मान वर करून पान वाचलं आणि बाहेर उभ्या गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगितलं, "या ना इकडे, पानावरचे दोन नंबर आले आपल्याकडे." लोकांनी मला पाहायला गर्दी केली. एकाने चहा मागवला. पान द्यायला शिंपी तयार नव्हता, कारण त्याची तार पहिल्याच दिवशी लागली होती आणि चूक त्याला सापडली नव्हती. शिवाय त्याने हाताने दोन नकला करून कन्हान नदीपलीकडच्या गावांत दिल्या होत्या. नावं उतरवली का, असं मी विचारलं. "हो ना जी," तो म्हणाला. "पानावर आहे ते सगळं उतरवाचं असते."

त्यानंतर मी शोधायला गेलो नाही. त्या नकलांच्या नकला कुठे असतील याचा हिशेब करता येणार नव्हता.

बाई चौदा महिने आत होत्या. रहमतभाई दोनदा भेटायला गेले, त्यांना भेटू दिलं नाही. मी गेलो नाही. क्लास जुन्या विद्यार्थिनींनी पाळीपाळीने चालू ठेवला. संक्रांत होऊन गेली, निवडणुका जाहीर झाल्या आणि बाई सुटून आल्याचं वासनिकांनी मला प्रेसमध्ये येऊन सांगितलं. ते माझ्याशी त्याआधी वर्षभर बोललेले नव्हते.

मी भर दुपारी गेलो. तेरा मशीन चालू होत्या, त्या आवाजात शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. बाई वाळल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. टाइप करणं थांबलं होतं, त्या मुलींना नुसतं तोंडाने सांगत होत्या. मी समोर बसलो आणि म्हणालो, बाई, ते नाव मी झाकलं होतं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कागद उजेडात धरला तवाच समजलं. बाकी पानभर शाईचे ठिपके होते, तेवढी जागा कोरी. माह्याकडच्या नव्या पोरीही इतका जाड फ्लुइड लावत नाहीत."

एका मुलीची रिबन अडकली होती. बाईंनी उठून ती कशी सोडवायची ते सांगितलं आणि परत येऊन बसल्या.

"भेव लागून राह्यलं होतं तर बैठकीत सांगाचं ना गा. मी पानच थांबवलं असतं. पंक्चरचं काढलं असतं त्या दिवशी."

सांगायचीही भीती वाटत होती, असं मी म्हणालो.

"तेही सांगाचं," बाई म्हणाल्या.

सायक्लोस्टाइल उन्हाळ्यात परत मिळालं. त्याचा रोलर एका बाजूने चेपला होता आणि पानाची डावी कड फिकी येई. बैठक पुन्हा सुरू झाली. पहिलं पान जुलाब झालेल्या मुलाला द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं होतं. वासनिकांनी आणि मी ते वाचून पाणी तयार केलं, चाखलं. कंपाउंडरने मापं तपासली. एक मुलगी बाईंच्या सांगण्यावरून स्टेन्सिल टाइप करत होती. तळाच्या ओळींपाशी बाईंनी तिला थांबवलं आणि वासनिकांना विचारलं, "नाव टाकू?" असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. वासनिक जरा विचार करून म्हणाले, या वेळी नको बाई, ठाण्यात फार वेळा सांगून झालं. बाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं. टाका, असं मी म्हणालो. "पक्कं?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो. त्या पानावर दोनऐवजी एकच नाव गेलं आणि बाईंनी ते चालवून घेतलं.

तेव्हापासून त्या प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारत. काही लोक हो म्हणत, काही नाही म्हणत, आणि नाही म्हणणाऱ्याला त्यांनी कारण विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचा जुना नियम असा गेला. ऐंशी सालानंतर बोटं अगदीच चालेनाशी झाली तेव्हा क्लास एका विद्यार्थिनीला देऊन त्या भिवापूरला बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला ते पत्राने कळलं, तेही उशिरा.

मीठ-साखरेच्या पाण्याच्या त्या पहिल्या पानाच्या प्रती घेऊन बाई, रहमतभाई आणि मी भिवापूरच्या बाजाराला गेलो होतो. मिरच्यांचे ढीग लागले होते, सगळे शिंकत होते. बाई गावच्या, बायका त्यांना हाक मारून थांबवत आणि त्या प्रत्येकीला पान देऊन, किती पाणी, किती मीठ ते तिच्या तोंडून म्हणवून घेत. मी दुसऱ्या बाजूला वाटत होतो. दोन शिपाई बाजारातून फिरत गेले, आमच्याकडे पाहून पुढे गेले. बराच वेळ झाल्यावर बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी पानं तळाशी धरून पुढे करत होतो आणि दर वेळी माझा अंगठा माझ्या नावावर पडत होता.

"अंगठा काढा जी," त्या हळूच म्हणाल्या, "शाई ओली आहे."